हंगामी आणि कायम

गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट. दुपारचें जेवण आटोपून मी ओसरीवर वर्तमानपत्र चाळीत बसलों होतों, तोंच धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्याहून येऊन उभा राहिला. तो एकटा आला असता तर नवल नव्हतें. परंतु त्याच्या मागोमाग आणखी तिघेजण, दोन पेट्या, एक तिपाई आणि लांब काठीला बांधलेली कसलीशी केसाळ वस्तु अशी सगळी वरात आंत शिरली. ती केसाळ वस्तु म्हणजे आवाज टिपण्याचें यंत्र, हें मला मागाहून कळलें. आमच्या मातुःश्रींस नव्वदावें वर्ष चालू आहे. त्यांनीं तें मांजर समजून, "त्याला थोडें दूध घाला ग," म्हणून सुनांना सांगितलें.

"काका, आपली माडी चार दिवस हवी आहे," पुतण्या म्हणाला. "सिनेमा काढायचा आहे."

सिनेमा म्हटला कीं आमच्या लहानपणीं मुंबई, पुणें आणि कोल्हापूर हींच नांवें तोंडावर येत. आतां तसें राहिलेलें नाहीं. आमच्या नगरांत (सरकारदरबारीं २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे, पण साठी उलटलेल्या जिभेस नवें वळण लागावयास वेळ लागतो) न्यू आर्ट्स महाविद्यालयांत संज्ञापनशास्त्राचा विभाग आहे. 'फँड्री' आणि 'सैराट' काढणारे नागराज मंजुळे तेथें शिकले. 'ख्वाडा' काढणारे भाऊराव कऱ्हाडे हेहि तेथलेच. कऱ्हाडे हे आमच्याच जिल्ह्याचे. त्यांनीं त्या चित्रपटासाठीं आपली शेतजमीन विकली, हें पुष्कळांस ठाऊक आहे. पुढें 'ख्वाडा'स राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१५ सालीं तो सर्वत्र लागला, आणि आपल्याहि अंगणांत सिनेमा निघूं शकतो असा धीर इकडच्या मुलांना आला. भटकंती करणाऱ्या एका मेंढपाळाच्या मुलाला लग्न करून एका जागीं संसार थाटावासा वाटतो, एवढीच त्या चित्रपटांतल्या मुलाची हौस. लग्न हा विषय असा आहे कीं, जमीन विकावयास लावतो आणि सिनेमाहि काढावयास लावतो.

आमच्या मंडळींवर जमीन विकण्याची पाळी आली नव्हती. चौघांनीं आपापल्या मिळकतींतून वर्गणी काढली होती. एक माझा पुतण्या, पुण्यांत संगणकाच्या कंपनींत नोकरीस. दुसऱ्याचें सावेडींत मोबाईल दुरुस्तीचें दुकान. तिसरा बँकेंतला कारकून, स्वभावानें इतका भिडस्त कीं, चहांत साखर नसली तर तसाच पिऊन टाकील. नायकाचें काम त्यालाच दिलें होतें, कारण त्यास अभिनय करावा लागणार नव्हता. चौथी एक मुलगी; ती कॅमेरा सांभाळी आणि सबंध दिवसांत दहा वाक्यें बोले.

विषय काय, तर 'डेटिंग ॲप'. आपल्या वाचकांपैकीं आजीआजोबांसाठीं चार शब्द सांगतों. नातवंडांनीं हा परिच्छेद गाळला तरी चालेल. मोबाईलवर आपलें छायाचित्र आणि आपल्याविषयीं दोन ओळी ठेवावयाच्या. मग दुसऱ्यांचीं छायाचित्रें एकामागून एक समोर येतात. आवडलें तर बोटानें उजवीकडे सारावें, नावडलें तर डावीकडे. दोघांनींहि एकमेकांस उजवीकडे सारलें तरच बोलण्याचें दार उघडतें. ही तऱ्हा २०१२ सालीं अमेरिकेंत निघालेल्या टिंडर नांवाच्या ॲपनें रूढ केली. दोन वर्षांनीं बंबल आलें. त्यानें आरंभीं असा दंडक ठेविला होता कीं, स्त्री-पुरुषांच्या जोडींत पहिला शब्द बाईनें लिहावयाचा. दोन्हीं आपल्या देशांत आलीं आणि पुण्यामुंबईच्या मुलामुलींच्या खिशांत जाऊन बसलीं.

हें ऐकून मला हंसूं आलें. मुलांना वाटलें, काका रागावणार. पण मला 'रघुवंशा'चा सहावा सर्ग आठवला. इंदुमतीचें स्वयंवर. एकेका राजासमोर पालखी थांबते, सुनंदा त्याचें कुळ, देश, पराक्रम सांगते, इंदुमती ऐकते आणि पुढें चालूं लागते. अंगदेशाचा राजा गेला, अवंतीचा गेला. थेट अजापाशीं येईपर्यंत तिनें सगळे डावीकडेच सारले. बोटाऐवजीं पालखी, एवढाच फरक. तेव्हां निवड करण्याची ही रीत परकी म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार निदान संस्कृतच्या मास्तरास तरी नाहीं.

पुतण्यानें कथानक सांगितलें. भिडस्त मित्राचें लग्न जमत नाहीं, म्हणून तिघे मित्र त्याच्या नांवानें ॲपवर खातें उघडतात. टेकडीवरच्या चांदबिबीच्या महालापाशीं त्याला उभा करून त्याचें छायाचित्र काढतात. एका मुलीचें उत्तर येतें. हा बावरतो, म्हणून तिघे पाळीपाळीनें त्याच्या नांवानें तिला लिहूं लागतात. एक कविता लिहितो, दुसरा खाण्यापिण्यावर लिहितो, तिसरा मध्यरात्रीं जीवनमरणाचा विचार लिहितो. मुलीला वाटतें, काय बहुगुणी मनुष्य आहे! शेवटीं ती भेटावयास बोलावते. हॉटेलांत हा नायक कानांत यंत्र घालून बसतो, मित्र शेजारच्या टेबलाखालीं लपून त्याला उत्तरें सुचवितात, वेटर मध्येंच मिसळीची ऑर्डर विचारतो, आणि नायक जीवनमरणाच्या प्रश्नाला "तर्री जास्त" असें उत्तर देतो.

आम्ही सगळे पोट धरून हंसलों. मातुःश्रींना पुरतें ऐकूं आलें नाहीं, तरी आम्ही हंसतों म्हणून त्याहि हंसल्या. मीं मात्र एवढें सुचविलें कीं, छायाचित्राची जागा तुम्हीं फार नामी निवडली आहे. ज्याला आम्ही चांदबिबीचा महाल म्हणतों तो महाल नव्हे आणि चांदबिबीचाहि नव्हे. ती सलाबतखानाची कबर आहे. वर नांव एक आणि आंत वस्ती दुसऱ्याची. तुमच्या नायकाच्या खात्याचें तेंच आहे.

आपल्याकडे लग्नाच्या खटपटींवर हंसण्याची परंपरा मोठी आहे. १९४० सालीं मास्टर विनायकांनीं 'लग्न पहावे करून' हा बोलपट काढला. कथा चिं. वि. जोशींची. दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. माझ्या वडिलांनीं तो विद्यार्थिदशेंत पाहिला होता, आणि घरांत कोणाचें लग्न निघालें कीं ते चिमणराव-गुंड्याभाऊंचें नांव काढून आधींच हंसूं लागत. मीं ती जोडी दूरदर्शनवर पाहिली, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ह्यांच्या रूपानें. पुढें २०१३ सालीं त्याच नांवाचा दुसरा चित्रपट आला. त्यांत मुक्ता बर्वे आणि उमेश कामत हीं लग्नें जमविण्याची कचेरीच काढतात. मधल्या त्र्याहत्तर वर्षांत पत्रिकेच्या जोडीला वधुवरसूचक मंडळें आलीं, स्थळांचीं मासिकें आलीं, संगणकावरचीं विवाहस्थळें आलीं, आणि आतां हीं ॲपें. साधनें पालटलीं, पण उपवराशेजारीं एक उतावळा मित्र असावयाचाच. चिमणरावाला गुंड्याभाऊ, दुष्यंताला माधव्य, आणि ह्या बँकेंतल्या मुलाला माझा पुतण्या.

रात्रीं मीं त्यांचें सबंध हस्तलिखित वाचलें. शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईनें सुधारल्या, ही जुनी खोड. वाचून झालें, पण झोंप येईना. कांहीं तरी खुपत होतें, तें काय हें ध्यानांत यावयास पहाट झाली. सबंध पंचवीस मिनिटांच्या खेळांत ती मुलगी कोठें नव्हती. तिचें छायाचित्र होतें, तिचीं उत्तरें पडद्यावर उमटत होतीं, हॉटेलांत ती दोन मिनिटें बसत होती. पण तिच्या घरीं काय चाललें आहे, रात्रीं अंथरुणांत पडून तीं वाक्यें ती कशीं वाचते, त्यांच्या भरंवशावर काय ठरविते, ह्याची एक ओळ नव्हती.

सकाळीं चहाच्या वेळीं मीं विचारलें, "अरे, ह्यांत मुलगी कोठें आहे?"

कोणी बोलेना. मग ती कॅमेरावाली मुलगी कप खालीं ठेवून म्हणाली, "काका, मींहि हेंच विचारलें होतें. हे म्हणाले, तिची बाजू दाखवली तर विनोद कमी होईल." तिनें 'स्थळ' नांवाच्या चित्रपटाचा दाखला दिला. जयंत सोमलकरांचा हा चित्रपट २०२३ सालीं टोरांटोच्या महोत्सवांत गौरविला गेला आणि २०२५ च्या मार्चमध्यें आपल्याकडे लागला. चंद्रपूर जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत मुलगी पाहण्याचे कार्यक्रम होतात, नांव विचारतात, उंची विचारतात, शिक्षण विचारतात, पोहे खातात आणि जातात. पण आरंभींच एक प्रसंग असा आहे कीं, मध्यें मुलगा बसला आहे आणि भोंवतीं बसलेल्या बायका त्याला तेच प्रश्न विचारीत आहेत. "प्रेक्षक हंसतात," ती म्हणाली, "पण पुढच्या वेळीं मुलगी बसते तेव्हां कोणाला हंसूं येत नाहीं."

पुतण्या म्हणाला, "अग, पण आपला सिनेमा गमतीचा आहे. मित्रासाठीं मित्रांनीं थोडी थाप मारली, त्यांत काय एवढें?"

त्यांत काय एवढें! हे शब्द माझ्या परिचयाचे होते. बेचाळीस वर्षांपूर्वीं मींच ते उच्चारले होते. जी गोष्ट मीं कोणाजवळहि बोललों नव्हतों, ती त्या चौघांना सांगितली, आणि आज ज्यांचा तीशीं संबंध आहे त्यांच्या संमतीनें येथें लिहीत आहें.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. वडिलांपाशीं अमरकोश आणि शास्त्रीबुवांपाशीं कौमुदी, एवढें भांडवल. पुढें शिक्षणाची पदविका घेऊन मास्तर झालों. अक्षर मात्र देवानें चांगलें दिलें होतें. त्यामुळें आळींतल्या कोणाचें लग्न निघालें कीं मुलाची माहिती माझ्याकडून लिहवून घेत. नांव, गोत्र, शाखा, नक्षत्र, चरण, शिक्षण, नोकरी, शेतीवाडी, मामाचें आडनांव. एका पानांत मनुष्य बसवावयाचा.

१९८३ सालीं माझ्या एका जिवलग मित्राचें पान मीं लिहिलें. तो आमच्या जिल्ह्यांतल्या एका साखर कारखान्यांत कारकून होता. नगर जिल्हा म्हणजे कारखान्यांचा जिल्हा. सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढच प्रवरेच्या कांठीं रोवली गेली. इकडच्या लोकांना सांगावें लागत नाहीं कीं, कारखान्याच्या नोकरींत दोन जाती असतात. एक कायम, दुसरी हंगामी. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, गळीत सुरू होतें. उन्हाळा लागतां लागतां धुराडें थंड होतें. कायम मनुष्य बारा महिने हजेरी लावतो. हंगामी मनुष्य पट्टा पडला कीं घरीं येतो आणि पुढच्या हंगामाची वाट पाहतो.

माझा मित्र हंगामी होता.

मीं लिहीत लिहीत त्या ओळीवर आलों आणि थांबलों. दोन ठिकाणांहून ह्या एका शब्दामुळें नकार आला होता. तो बिचारा समोर बसून नखें कुरतडीत होता. मीं म्हटलें, "आज ना उद्यां तूं कायम होणारच. मग आजच लिहिलें तर त्यांत काय एवढें?" तो कांहीं बोलला नाहीं. मीं टाक बुडविला आणि लिहिलें, 'साखर कारखान्यांत कायम नोकरी'. लिहितांना मला अभिमान वाटला. मित्रकार्य केलें असें वाटलें.

स्थळ नाशिककडचें होतें. इतक्या दूर कारखान्यावर जाऊन चौकशी कोण करणार? पत्रिका जुळली, मुलगी पसंत पडली, लग्न झालें. मीं मंगलाष्टकें म्हटलीं. पहिला हंगाम संपला आणि नवरदेव घरीं येऊन बसले, तेव्हां सत्य उघडें पडलें. घरांत चार दिवस अबोला, मग रडणें, मग समजूत. मुलगी समजूतदार होती. तिनें संसार केला. तो कायम व्हावयास पुढें अकरा वर्षें लागलीं. त्या अकरा उन्हाळ्यांत तिनें कुरडया-पापड लाटले, शिवणयंत्र चालविलें, आळींतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. मी त्यांच्याकडे जात-येत असें, तिच्या हातचा चहा पीत असें, आणि गृहस्थाश्रमांत अशा ओढगस्ती असावयाच्याच, असें मनाशीं म्हणत असें. त्या शब्दाचा मला विसर पडला होता.

२०१७ सालीं मित्राची साठी झाली. शांत, जेवणावळ, सगळें यथासांग झालें. पाहुणे पांगल्यावर वहिनींनीं मला माजघरांत हांक मारली. त्यांचे वडील मागल्या वर्षीं वारले होते आणि त्यांच्या ट्रंकेंतले कागद ह्यांच्याकडे आले होते. एक पिंवळें पडलेलें पान त्यांनीं माझ्या हातांत दिलें.

"भाऊजी, हें अक्षर तुमचें ना? 'य'ला असा फरकाटा तुम्हीच देतां."

मी गप्प झालों.

"रागावून म्हणत नाहीं हो," त्या म्हणाल्या. "माणूस मला वाईट मिळाला नाहीं. पण एक तुम्हांला ठाऊक नसेल म्हणून सांगतें. तेव्हां मी अध्यापक विद्यालयांत होतें. पहिलें वर्ष झालें होतें, दुसरें राहिलें होतें. मी बाबांना म्हटलें, वर्षभर थांबा, मला पुरें करूं द्या. बाबांनीं हें पान वाचून दाखविलें आणि म्हणाले, मुलगा कायम आहे, तुला नोकरी करावी लागणार नाहीं, कशाला थांबावयाचें? हंगामी लिहिलें असतें तर ते थांबले असते. मीहि तुमच्यासारखी मास्तरीण झालें असतें."

एवढें बोलून त्या पानसुपारीचें तबक घेऊन बाहेर गेल्या.

मी जन्मभर मुलांना विशेषण शिकविलें. विशेषण म्हणजे नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द, अशी व्याख्या पाठ करून घेतली. विशेषण एका वर्षाचें शिक्षण खाऊन टाकूं शकतें, तीस वर्षांची नोकरी खाऊं शकतें, हें मला साठाव्या वर्षीं कळलें. शाळकरी वयांत मीं देवलांचें 'शारदा' नाटक पाहिलें होतें. १८९९ सालचें तें नाटक. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथासाठीं कोंवळी मुलगी मिळवून देणारा भद्रेश्वर दीक्षित रंगभूमीवर आला कीं मी दांतओठ खात असें. भद्रेश्वर दलालीसाठीं करीत होता, मीं मैत्रीसाठीं केलें. ज्या घरीं तें पान गेलें त्या घराला ह्या भेदाचा काय उपयोग?

माझें सांगून झाल्यावर माडीवर कोणी बोललें नाहीं. भिडस्त मुलगा खालीं पाहत होता. मोबाईलवाला म्हणाला, "काका, मग मित्रानें मित्राला मदत करावयाचीच नाहीं का?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर मला माझ्या धंद्यांतच सांपडलें. 'शाकुंतला'चा तिसरा अंक मीं वर्गांत किती वेळां शिकविला असेल! शकुंतला विरहानें पोळली आहे. प्रियंवदा म्हणते, राजाला प्रेमपत्र लिही, मी तें फुलांत लपवून पोंचवितें. शकुंतला म्हणते, लिहावयाचें साधन कोठें आहे? प्रियंवदा तिला कमळाचें कोंवळें पान दाखविते आणि नखानें लिहावयास सांगते. पण मजकूर? मजकूर शकुंतला स्वतः रचते आणि मैत्रिणींना वाचून दाखविते. पान मैत्रिणीनें दिलें, शब्द तिचे होते. आणि दुसरी मैत्रीण अनसूया, ती काय करते? राजा समोर येतांच ती त्याला विचारते कीं, राजांना पुष्कळ राण्या असतात असें ऐकतों, आमच्या सखीमुळें तिच्या माणसांना शोक करावा लागूं नये एवढें पाहाल ना? मैत्रीच्या ह्या दोन तऱ्हा आहेत. एकीनें साधन पुरवावें, दुसरीनें अवघड प्रश्न विचारावा.

त्याच नाटकांत थट्टेचा परिणामहि आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटीं दुष्यंत विदूषकाला सांगतो कीं, शकुंतलेविषयीं मी बोललों ती सगळी थट्टा होती, खरें मानूं नकोस. विदूषक तें खरें मानतो. पुढें शापामुळें राजाला विस्मरण होतें, तेव्हां आठवण करून देऊं शकणारा हा एकच मनुष्य थट्टेवर विश्वास ठेवून बसलेला असतो. दुष्यंताला ती सुटकेची एक युक्ति वाटली होती. शकुंतलेला भर दरबारांतून परत जावें लागलें.

"मदत करा," मीं म्हटलें. "छायाचित्र काढून द्या. सदरा कोणता घालावा तें सांगा. धीर द्या. भेटावयास जातांना कोपऱ्यापर्यंत सोडावयास जा. पण लिहावयाचें त्यानेंच. आणि ती वाचणारी पोर आपल्या बहिणीसारखीच कोठें तरी रात्रीं दिव्याखालीं बसून वाचते आहे, हें विसरूं नका."

मोबाईलवाल्याला तें फारसें पटलें नाहीं. "हल्लीं मुलीहि थापा मारतात, काका," तो म्हणाला. मारीत असतील. मीं त्याचाहि प्रतिवाद केला नाहीं. तें पानहि कोणीतरी वाचीत असतेंच, एवढेंच मला म्हणावयाचें होतें.

चौघे दोन दिवस माडीवर भांडत होते. आमच्या सौभाग्यवती वर चहा पोंचवून येत आणि खालीं येऊन वार्ता सांगत: "आज पोरगी जिंकते आहे." तिसऱ्या दिवशीं नवीन हस्तलिखित माझ्याकडे आलें. तांबडी शाई मीं ह्या वेळीं काढली नाहीं.

संक्रांतीच्या दिवशीं तिळगूळ झाल्यावर आम्हीं माडीवर पांढरी चादर ताणून तो सिनेमा पाहिला. घरचे अकराजण, शेजारचे पांचसात, आणि मुद्दाम बोलाविलेले माझे मित्र व वहिनी. टेबलाखालचा प्रवेश तसाच होता, "तर्री जास्त" तसेंच होतें. हंशा मागच्यापेक्षां कमी नव्हता. पण मध्यें एक नवा प्रवेश आला होता. मुलगी रात्रीं स्वयंपाकघर आवरून आजीच्या उशाशीं बसते आणि तीं वाक्यें तिला वाचून दाखविते. आजी एकेक ऐकून म्हणते, "हें पुस्तकांतलें आहे. हेंहि पुस्तकांतलें." एका वाक्यावर मात्र ती म्हणते, "हें माणसाचें आहे." कोणतें, तें प्रेक्षकांना दाखवीत नाहींत.

शेवटीं हॉटेलांत, सगळा घोटाळा उघडा पडल्यावर, मुलगी मोबाईल टेबलावर ठेवते आणि विचारते, "ह्यांतलें तुझें कोणतें?" नायक कानांतलें यंत्र काढून ठेवतो. बराच वेळ वर-खालीं सारीत एका ओळीवर बोट ठेवतो. सबंध पत्रव्यवहारांतली ती एकच ओळ त्यानें स्वतः लिहिलेली, आणि तींत दोन चुका: 'आज डब्यात भेंडि होती. मला आवडत नाही पण आइला सांगवत नाही.' मुलगी हंसते. तीच ओळ आजीनें ओळखलेली असते. पुढें त्यांचें जमतें कीं नाहीं, हें न सांगतां सिनेमा संपतो.

दिवा लागला. मातुःश्रींनीं विचारलें, "मुलगा नोकरीला कोठें आहे?" सगळे पुन्हां हंसले. खराखुरा भिडस्त मुलगा कोपऱ्यांत लाजून उभा होता. त्यानें आपल्या नांवाचें खातें आतां स्वतः उघडलें आहे आणि त्यांत आपल्या नोकरीबरोबर घरावरच्या कर्जाचाहि उल्लेख केला आहे, असें पुतण्यानें मला हळूच सांगितलें. उत्तरें थोडीं येतात म्हणे.

मंडळी जिना उतरूं लागली. वहिनी मागें राहिल्या होत्या. चादरीची घडी करावयास माझ्या सौभाग्यवतींना हात देतां देतां त्या म्हणाल्या, "भाऊजी, तो आजीचा प्रवेश तुमच्या अक्षरांतला दिसत नाहीं."

"नाहीं, वहिनी," मीं म्हटलें, आणि तिपाई आवरीत असलेल्या त्या मुलीकडे बोट दाखविलें. "तो तिचा. मीं फक्त माडी दिली."

वहिनी तिच्याकडे गेल्या. दोघी खिडकीपाशीं उभ्या राहून बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या, तें मीं विचारलें नाहीं.